लोटूचं पान

नंदकुमार फौजदारांच्या संस्थानात न उकललेला खून नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत. पण ते बऱ्हाणपूरच्या ठाण्यात हजर व्हायच्या आधीच ही कीर्ती तिथं पोचली होती आणि हवालदार मोतीलालनं तिची पोटभर टिंगल करून ठेवली होती.

संस्थान तरी कसलं, हरद्याच्या बाजूचा तळहाताएवढा मुलूख. राजेसाहेबांच्या हत्तीनं अंग वळवलं की सोंड शेजारच्या राज्यात जायची, असं फौजदारांची बायको सुलभा म्हणायची. देश मोकळा झाला, संस्थानं विलीन झाली, तशी तिथली कचेरी, तोफ, हत्ती आणि पोलीस असं सगळं एकगठ्ठा प्रांताच्या पदरात पडलं. हत्तीचं पुढं काय झालं कोणास ठाऊक. फौजदारांची बदली बऱ्हाणपूरला झाली.

"साहब, तुमच्याकडे खुनी आपल्या पायानं चालत ठाण्यात यायचा म्हणतात. खरं काय?" मोतीलालनं पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"यायचा."

"पळून नाही जायचा?"

"कुठं पळणार? दुपारपर्यंत राज्य संपायचं."

मोतीलाल खदखदून हसला. माणूस वाईट नव्हता. बऱ्हाणपूरचाच, मराठी-हिंदीची खिचडी बोलणारा आणि जगभरच्या पोलिसांविषयी ठाम मतं असलेला. "विलायतेत तर बोटाचे ठसे घेतात म्हणे. मुंबई इलाख्यात जीपा आहेत, माणसं आहेत. निजामाकडे नुसता दंडा. ज्याचं जसं राज, तसा त्याचा तपास. आपल्याकडे ना जीप, ना ठसे. आपल्याकडे जो सापडला तो खुनी."

हे तो गमतीनं म्हणाला; पण फौजदारांना हसू आलं नाही. कारण जो सापडला होता तो ठाण्यामागच्या कोठडीत गुडघे पोटाशी घेऊन बसला होता.

त्याचं नाव उखर्डू. इच्छापूरच्या पलीकडून, मुंबई इलाख्यातून, दर उन्हाळ्याला शेळ्या घेऊन इकडं यायचा. शिमगा होऊन चार दिवस झाले असतील नसतील, फोपनारच्या विहिरीवर लोटू नावाचा तरणा शेतकरी डोकं फुटून मेलेला सापडला. त्याची घोंगडी सापडली उखर्डूच्या खांद्यावर. "लोटूभाऊनंच मले देली," असं उखर्डू म्हणत राहिला. पण परमुलखातला माणूस, त्याच्या बाजूनं कोण बोलणार? मोतीलालनं एका दिवसात गुन्हा उघडकीला आणला आणि शाबासकी मिळवली. आता कागद तयार होते. आखाजीची, म्हणजे अक्षय तृतीयेची, सुट्टी झाली की ते खांडव्याच्या कोर्टात जाणार, आणि तिथून उखर्डूची वाट सरळ फासाकडे जात होती. कागदांवर फौजदारांची सही तेवढी राहिली होती.

सही करायच्या आधी एकदा गाव बघावं म्हणून फौजदार सायकलनं फोपनारला गेले. गावानं त्यांना पाणी दिलं, बाज टाकली, गूळ दिला. माहिती मात्र दिली नाही.

"आमाले काय ठाव, साहेब."

"मी त्या दिशी निंबोल्याले गेलतो."

"डोळ्यानं कमी दिसते आता."

डोळ्यानं कमी दिसणाऱ्यांची संख्या त्या गावात बरीच होती. फौजदारांना त्याचा राग आला नाही, नवलही वाटलं नाही. पोलिसाशी बोललेला माणूस साक्षीदार होतो आणि साक्षीदाराला तारखेमागून तारखेला खांडव्याला जावं लागतं, स्वतःच्या भाकरी बांधून. शिवाय उखर्डूसाठी एवढं करायला तो कुणाचा कोण होता? संस्थानात फौजदारांना मेलेला ठाऊक असायचा, मारणारा ठाऊक असायचा, दोघांच्या आया कुठल्या पाणवठ्यावर भांडतात तेही ठाऊक असायचं. तिथं शोधायचं असं काही नसायचंच. वाट बघायची असायची. इथं त्यांना कुणीच ओळखत नव्हतं आणि ते कुणाला ओळखत नव्हते. त्यांची सगळी हुशारी हत्तीबरोबरच मागं राहिली होती.

शेवटी ते लोटूच्या घरी गेले. लोटूची आई भागाबाई दारात बसून कुरडया वाळत घालत होती. लहान चणीची, कपाळ आडव्या सुरकुत्यांनी भरलेलं. लोटूचा चुलतभाऊ देवराम आडावरून पाणी आणून रांजणात ओतत होता. फौजदारांना पाहून तो रिकाम्या घागरी घेऊन निघून गेला.

फौजदारांनी टोपी काढली आणि काय विचारावं ते न सुचून म्हणाले, "बाई, लोटू कसा होता?"

भागाबाईचे हात थांबले. हवालदार आला होता त्यानं कोणी मारलं, कधी मारलं, भांडण कोणाशी, सगळं विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं.

"येडा व्हता," ती म्हणाली. "बाजारातून सदरा घेऊन यायचा अन् रस्त्यात कोणाले तरी देऊन उघडा घरी यायचा. आमरस खायाले बसला की कोपरापर्यंत माखायचा. एवढा घोडा झाला तरी." मग पदराला हात पुसून, "घोंगडी त्यानंच देली असन, साहेब. उखर्डू माह्या हातचं जेवलेला माणूस आहे. त्यानं नाही मारलं."

"मग कोणी मारलं?"

ती पुन्हा कुरडयांकडे वळली. "आखाजीले जेवायाले या. गणवेश घालून नका येऊ. सणाच्या दिशी ते बरं नाही दिसत."

घरी येऊन फौजदारांनी हे सुलभाला सांगितलं. मोतीलाल सुट्टीवर गेला होता. नाहीतर तो म्हणाला असता, साहब, आखाजीला पाहुणा म्हणून जाताय की आणखी काही म्हणून, ते आधी विचारा. सुलभा काही या मुलखातली नव्हती. ती म्हणाली, "त्या माउलीनं सणाला बोलावलंय, जा. आणि जेवताना तपास नका करू. तुम्ही भात कालवताना माणसाकडे असं बघता की त्याला वाटतं यानंच भात चोरलाय."

आखाजीच्या दिवशी धोतर, सदरा आणि काळी टोपी घालून फौजदार फोपनारला पोचले. ऊन मी मी म्हणत होतं. भागाबाईच्या ओसरीत सारवून रांगोळी काढलेली, मधोमध पाण्यानं भरलेली नवी लाल घागर, तिच्यावर खरबूज ठेवलेलं. शेजारी एकच पाट आणि एकच पान. अर्धं गाव ओसरीच्या कडेनं बसलेलं.

"बस," भागाबाई म्हणाली आणि तांब्या घेऊन त्यांचे पाय धुवायला लागली.

"अहो बाई, हे काय! माझ्या आईच्या वयाच्या तुम्ही—"

"गप बस रे लोटू," ती म्हणाली.

फौजदारांना वाटलं म्हातारीला शोकानं भ्रम झाला. पण कुणीच दचकलं नाही. भिंतीशी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना समजावून सांगितलं. आखाजीला पितर जेवायला येतात. त्यांच्या नावानं घागर भरायची, चुलीच्या निखाऱ्यावर तूप-पोळीची आगारी टाकायची आणि एका माणसाला पितर म्हणून पानावर बसवायचं. तो जेवला की मेलेला जेवला. आणि त्यांच्या गावात अशी रीत होती की ज्याला मेलेल्याशी काही बोलायचं राहिलं असेल त्यानं ते तेव्हा बोलून घ्यायचं. पितर उलटून बोलत नाही. नुसता जेवतो.

"पण मी तर फौज—"

"उठू नको," म्हातारा घाईनं म्हणाला. "पानावरून उठला तर तो सालभर उपाशी राहते."

तोवर भागाबाईनं त्यांच्या कपाळाला गंध लावलं होतं. फौजदार पाटावर बसले. सगळे ओळखायचे त्या मुलखात त्यांना वेषांतर कधी करावं लागलं नव्हतं. हे पहिलंच, मेलेल्याचं, आणि तेही दुसऱ्यानं घातलेलं.

देवराम वाढायला होता. मांडे आले, आमरस आला, कुरडया आल्या, झणझणीत रशी आली. पहिल्या घासाबरोबर गाव बोलायला लागलं.

"लोटू, तुहा विळा माह्याकडेच आहे बरं. देऊन देईन तुह्या मायले."

"लोटूभाऊ, म्हैस व्याली. पारडी झाली. तू म्हणलता पारडीच होईन."

"कुस्तीत तू मले पाडलं नव्हतं. माहा पाय घसरला व्हता. आता तरी मान."

सगळे हसले. भागाबाईही हसली. फौजदारांना आमरस खाताना भान राहिलं नाही आणि त्यांच्या कोपरावरून एक ओघळ गेला. लोटूची बायको आशाबाई आत निघून गेली. भागाबाईनं पुढं होऊन पदरानं त्यांचा हात पुसला, अगदी सवयीनं पुसावा तसा. फौजदारांची आई ते शाळेत असतानाच गेली होती.

मग कडेला बसलेली धुरपदाबाई पुढं सरकली. तोंडाची फटकळ बाई, आज मात्र पदर दातात धरलेला.

"लोटू," ती म्हणाली, "मले माफ कर. म्या त्या दिशी पाटलाच्या वावरात व्हती. पऱ्हाट्या उपटत व्हती चुलीसाठी. न इचारता. उखर्डूच्या शेळ्या तिथीच घुसल्या अन् मी त्याले शिव्या देत व्हती. त्याच्या बापाले, आज्याले, सगळ्याईले देल्या. अन् तेवढ्यात तुह्या विहिरीकडून आरोई ऐकू आली. उखर्डू माह्या समोर उभा व्हता रे. मी बोलली असती तर पाटील म्हणला असता, तू माह्या वावरात काय करत व्हती? चार पऱ्हाट्यांपायी मी तोंड शिवलं. तो फासावर जाईन त मले तुही हाय लागन."

ती रडायला लागली. कोणी तिला गप्प केलं नाही. गावाला हे नवीन नसावं. मोठ्यानं बोललं गेलं, तेवढंच नवीन.

फौजदारांच्या हातातला घास हातातच राहिला. प्रश्न तोंडाशी आले होते: किती वाजले होते, आणखी कोण होतं, विहिरीवर कोण जाताना दिसलं. पण पितर बोलत नाही. सुलभानं जेवताना तपास करू नका म्हणून बजावलं होतं. तिनं घातलेली अट इतक्या कडकपणे पाळायची वेळ येईल असं तिलाही वाटलं नसेल. त्यांनी धुरपदाबाईकडे पाहून मान हलवली आणि घास तोंडात घातला.

"रस वाढू का, फौजदारसाहेब?" देवरामनं विचारलं.

आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. पाटावर बसल्यावर लहान पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत साऱ्या गावानं त्यांना लोटू म्हटलं होतं. ज्याला कुस्ती सलत होती त्यानंसुद्धा. एकट्या देवरामनं म्हटलं नव्हतं. मांडा वाढताना साहेब, पाणी देताना साहेब, आता रस वाढताना फौजदारसाहेब. घरातला पुरुष म्हणून आगारी टाकताना 'लोटू, जेव' म्हणायचं होतं, तेही त्यानं ओठातल्या ओठात म्हटलं होतं.

त्यांनी भागाबाईकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच पाहत होती.

"वाढ," ती देवरामला म्हणाली. "त्याले रस आवडते."

जेवण झालं. रीतीप्रमाणे पितराला गावाच्या शिवेपर्यंत पोचवायचं असतं. तिथं तो गंध धुतो आणि पुन्हा ज्याचा तो होतो. पोचवायला जवळचा माणूस लागतो. भागाबाईनं पाण्याचा तांब्या देवरामच्या हातात दिला.

दोघं निघाले. फौजदार सायकल हातात धरून, देवराम तांब्या सांभाळत दोन पावलं मागं. वाटेत लोटूची विहीर लागली. मोटेचं पाणी जिथं पडतं ते दगडी थारोळं कोरडं ठणठणीत होतं. देवरामनं तिकडं पाहिलं नाही. इतका वेळ एकीकडे न पाहता चालणं सोपं नसतं; मान अवघडत असावी.

शिवेवर लिंबाचं झाड होतं. फौजदारांनी सायकल झाडाला टेकवली आणि ओंजळ पुढं केली. "घाल पाणी."

देवरामनं तांब्या तिरका केला आणि परत सरळ केला.

"थांब," तो म्हणाला. मग तांब्या छातीशी धरून, "लोटू."

फौजदार ओंजळ तशीच धरून उभे राहिले.

"पाळी माही व्हती रे," देवराम म्हणाला. "मोटेची पाळी माहीच व्हती. तू बैल सोडाले तयार नाही. वरून हसत व्हता. तुले माहीत आहे तू कसा हसते. मी ढकललं. नुसतं ढकललं रे, आईची आण. तू थारोळ्यावर पडला. मी म्हणलं नाटकं करून राह्यला, ऊठ. लोटू ऊठ म्हणलं. मग पळालो. संध्याकाळी गाव गोळा झालं, काकू रडे, मी बी रडे. मग उखर्डूले धरून नेलं अन् मले वाटलं, सुटलो. पण सुटलो नाही. काकूकडे पाणी भरतो रोज. ते मले दूध देते. मले गिळवत नाही."

फौजदारांना पुष्कळ बोलावंसं वाटलं, पण गंध अजून कपाळावर होतं.

त्यांनी ओंजळ थोडी वर केली. देवरामनं पाणी ओतलं. फौजदारांनी कपाळ धुतलं, एकदा, दोनदा, गंधाचा पिवळा थेंब नाकावरून खाली पडेपर्यंत. मग धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं, टोपी नीट बसवली.

"देवराम," ते म्हणाले, "आता मी फौजदार आहे. तू आत्ता बोललास ते लोटूशी बोललास. तो गेला. मी काही ऐकलेलं नाही आणि ऐकलं असं कुठं सांगणार नाही. धुरपदाबाई कबूल झाली तर उखर्डूसाठी माझ्या परीनं धडपडीन. नाही झाली तर माझ्या हातात काही नाही. तुला घरी जायचं तर जा. माझ्याशी बोलायचं असेल तर मात्र एवढं समजून बोल, की मी लिहून घेईन."

देवराम उभा राहिला. गावाकडे पाहिलं. भागाबाईच्या घराच्या कौलांवरून अजून धूर निघत होता.

"रांजण अर्धाच भरला आज," तो म्हणाला. "कोणाले तरी सांगा लागन."

"सांगू."

त्यानं रिकामा तांब्या लिंबाच्या बुंध्याशी उपडा ठेवला आणि सायकलचं हँडल स्वतःच्या हातात घेतलं. "उन्हाचे तुमी नका ओढू. चला, साहेब." सगळी वाट तो तेच पुन्हा सांगत होता, पहिल्यापासून, या वेळी फौजदारांना.

ठाण्यात त्यांना येताना पहिल्यांदा पाहिलं ते सुट्टी अर्धवट टाकून आलेल्या मोतीलालनं. कोणी ओढून आणत नव्हतं, हातात बेडी नव्हती, आणि खुनी साहेबांची सायकल ढकलत येत होता. "लोटूले मी ढकललं, लिहून घ्या," देवराम दारातूनच म्हणाला.

"अरे बापरे," मोतीलाल पायरीवरून उतरत म्हणाला. "साहब, तुम्ही तर तुमचं संस्थान इकडेच घेऊन आले."

पुढं धुरपदाबाई कबूल झाली. तिनं पऱ्हाट्यांची गोष्ट सगळ्यांसमोर सांगितली. पाटलानं कपाळाला हात लावला. त्या तो तरी कुठं विकत घेऊन आला होता, जाळायच्याच तर होत्या. उखर्डू सुटला. खांडव्याच्या साहेबांनी फौजदारांना बोलावून विचारलं, की हा तपास नेमका कशानं लागला? ठसा नाही, हत्यार नाही, मार नाही, बक्षीस नाही. फौजदार म्हणाले, "जेवणानं, सर." साहेबांना ते उद्धटपणाचं वाटलं आणि बढतीचं जमता जमता राहिलं.

देवरामला शिक्षा झाली. खुनाची नाही, त्याहून हलकी. त्याला खांडव्याला न्यायच्या आधी, बाजाराच्या दिवशी, भागाबाई फडक्यात भाकरी आणि दुधाचं गाडगं घेऊन ठाण्यावर आली. फौजदारांनी तिला आत बाकावर बसवलं. सुलभानं पाणी आणून दिलं.

"तुम्हाला ठाऊक होतं," फौजदार म्हणाले.

"तेराव्यापासून ठाव व्हतं. पोरगं रोज पाणी भरे अन् दुधाले तोंड नाही लावे."

"मग मला का नाही सांगितलं? उखर्डू इतके दिवस आत बसला."

"त्याचं पाप लागलं मले, ते भरीन." तिनं गाडगं मांडीवर नीट धरलं. "पण मी बोट दाखवलं असतं तर यानं विहिरीतच उडी घेतली असती, साहेब. मी दोघंई पोरं माह्या हातानंच वाढवले. एक गेला. दुसरा बोलला तर जगन, म्हणून वाट पाह्यली. तुमी लोटू कसा व्हता म्हणून इचारलं, तवा वाटलं, हा माणूस पानावर बसन."

फौजदारांनी तिला मागच्या कोठडीपाशी नेलं. बाहेरचं अन्न आत द्यायचं नाही असा नियम होता, त्याची आठवण करून द्यायच्या आत मोतीलाल स्वतःच बाहेर तंबाखू मळायला निघून गेला.

देवराम गजांपाशी आला. भागाबाईनं गाडगं गजांमधून जाईना म्हणून ओंजळ पुढं करायला सांगितली आणि ती वरून दूध ओतत राहिली. तो प्यायला. सांडलं ते कोपरापर्यंत गेलं. तिनं पदर गजांतून आत घातला आणि त्याचा हात पुसला.